गाईडच्या खुर्चीतला थेरपिस्ट: समुपदेशनाच्या लघुप्रबंधाला मार्गदर्शन कसं करावं

समुपदेशनाच्या एम.ए.ला लघुप्रबंध करून घेणारे गाईड बहुतेकदा स्वतः समुपदेशक असतात. आठवड्यातले काही दिवस क्लायंट बघायचे आणि काही दिवस कॉलेजात शिकवायचं, असं मुंबईत सर्रास चालतं. तरीही गाईडच्या खुर्चीत बसलं की आपल्यातला थेरपिस्ट दाराबाहेर राहतो. मीटिंग म्हणजे मग ‘दुसरा चॅप्टर कुठवर आला’, ‘सॅम्पल पूर्ण झालं का’, ‘रेफरन्सेस नीट लाव’ एवढंच. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं की पुढचा तासभर सेशनच होतं आणि प्रबंध टेबलावर तसाच पडून राहतो.

ऐकणं, शांत बसणं, बोललेलं परत समोर ठेवणं, करार करणं, नात्यातला ताण ओळखणं ही आपली कौशल्यं संशोधनाच्या मार्गदर्शनात फार उपयोगी पडतात. मात्र त्यांचा रोख कुठे असावा याबद्दल मी काटेकोर आहे. माझी कसोटी एकच: मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर संशोधनाकडे परत येतं का? येत असेल तर प्रश्न जरूर विचारावा. येत नसेल तर तो कितीही चांगला असला तरी विचारायचा अधिकार मला नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीवरच उभ्या आहेत. उदाहरणांतले ओळख पटण्यासारखे तपशील बदललेले आहेत.

पहिल्या भेटीआधी: आपल्या हातात काय काय आहे ते पाहा

क्लायंटला थेरपिस्ट बदलता येतो. विद्यार्थिनीला गाईड सहसा बदलता येत नाही आणि अंतर्गत गुणही बऱ्याचदा आपल्याच हातात असतात. त्यामुळे ती स्वतःबद्दल जे सांगते ते परीक्षकालाही सांगत असते. हे तिला माहीत असतंच, आपण विसरतो.

थेरपीतून माणसात बदल घडण्यासाठी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटींपैकी सहानुभव आणि प्रांजळपणा इथे जशाच्या तशा वापरता येतात. विनाअट स्वीकाराची मात्र फोड करावी लागते. माणूस म्हणून तिचा स्वीकार विनाअट, पण कामाला अटी आहेत आणि त्या अटींना गुण आहेत. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावं. गोड बोलून गुण कापणाऱ्या गाईडपेक्षा ‘मी तुझ्या बाजूने आहे आणि तुझं काम मी तपासणार आहे’ असं सांगणाऱ्या गाईडवर मुलं जास्त भरवसा ठेवतात.

वर्ष सुरू होण्याआधी एक यादी करून ठेवा: कॉलेजचा समुपदेशन कक्ष, कमी फी घेणारे आणि मराठी-हिंदीत काम करणारे दोन-तीन थेरपिस्ट, केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ (मोफत, चोवीस तास). थेरपिस्ट तिला शिकवणाऱ्यांपैकी नसावेत आणि तिला लोकलने सहज जाता येईल अशा ठिकाणी असावेत. अंबरनाथला राहणाऱ्या मुलीला वांद्र्याचा पत्ता दिला तर ती एकदा जाईल, दुसऱ्यांदा नाही.

पहिली भेट: करार करा आणि लिहून काढा

थेरपीतली युती, म्हणजे थेरपिस्ट आणि क्लायंटचं एकत्र काम करण्याचं नातं, तीन गोष्टींवर उभी राहते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये केली: ध्येयावर एकमत, कोणी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला बंध. पुढे १९८३ मध्ये त्यांनी हीच चौकट सुपरव्हिजनलाही (थेरपिस्टच्या कामावर अनुभवी थेरपिस्टने केलेल्या मार्गदर्शनालाही) लावली. लघुप्रबंधात बिनसतं ते बहुधा पहिल्या दोन गोष्टींत, आणि दोष मात्र तिसरीला दिला जातो. ‘मॅमचं माझ्याशी जमत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलीला कित्येकदा हेच माहीत नसतं की ड्राफ्ट पाठवल्यावर उत्तर किती दिवसांत येतं.

म्हणून पहिल्या भेटीत एवढं ठरवा: किती दिवसांनी भेटायचं, किती वेळ, कॉलेजात की ऑनलाइन. ड्राफ्ट किती दिवस आधी पाठवायचा. व्हॉट्सॲपवर काय विचारायचं आणि रात्री किती वाजेपर्यंत. तुम्ही काय वाचणार आणि काय वाचणार नाही. तिने सांगितलेलं काय तुमच्यापाशी राहील आणि कशाबद्दल तुम्हाला इतरांशी बोलावं लागेल (जिवाला धोका, संशोधनात सहभागी झालेल्या व्यक्तीला इजा, संशोधनातली अप्रामाणिकता). हे सगळं त्याच दिवशी ईमेलने पाठवून द्या.

तिचं वेळापत्रकही विचारा. विरारहून येणारी, सकाळी शाळेत इंटर्नशिप करणारी, संध्याकाळी शिकवण्या घेणारी मुलगी किती काम करू शकेल हे तिच्या हुशारीपेक्षा तिच्या दिवसावर ठरतं. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या संसारानंतर शिकायला आलेल्या स्त्रियाही असतात. त्या गाईडपेक्षा वयाने मोठ्या असल्या की दोघींनाही अवघडायला होतं. त्यांना मी ‘तुम्ही’ म्हणते आणि पहिल्याच भेटीत विचारते, ‘माझ्याकडून चुका ऐकून घेताना तुम्हाला कशा पद्धतीने सांगितलेलं चालेल?’

भेटीची जागा स्टाफरूम नसावी. शेजारच्या टेबलावर पेपर तपासणं चालू असताना कुणी मोकळं बोलत नाही.

विषय ठरवताना: ‘का’ विचारा, पण उत्तराची सक्ती नको

समुपदेशनाचे विद्यार्थी क्वचितच परका विषय निवडतात. व्यसनी वडिलांच्या मुलीला व्यसनींच्या मुलांवर काम करायचं असतं, घटस्फोटातून गेलेलीला घटस्फोटावर. यात वावगं काहीच नाही, उलट गुणात्मक संशोधनाला (आकड्यांऐवजी लोकांच्या अनुभवांवर उभ्या असलेल्या संशोधनाला) ही जवळीक बळ देते. पण ती जवळीक उघडी करून कामाला लावावी लागते.

मी विचारते, ‘हा विषय तुझ्याकडे कुठून आला?’ आणि लगेच जोडते, ‘कारण मला सांगायलाच हवं असं नाही, पण तुला ते माहीत असायला हवं.’ हे दुसरं वाक्य गाळू नका. ते गाळलं तर पहिला प्रश्न चौकशी होतो.

त्याहून उपयोगी प्रश्न: ‘समज, मुलाखतींमधून तुझ्या अपेक्षेच्या अगदी उलट निघालं. ते लिहून काढायला तुला कितपत जमेल?’ दारू पिणाऱ्या वडिलांवर प्रेम करणारी, त्यांची आठवण काढून हसणारी सहभागी भेटली तर? ‘असं कसं होईल?’ हे उत्तर आलं तर विषय बदलायला सांगू नका, पण काम सुरू होण्याआधी तिला स्वतःच्या गृहीतकांवर दोन पानं लिहायला लावा. तीच दोन पानं पुढे पद्धतीच्या प्रकरणात येतात.

मुलाखतीची तालीम: इथे थेरपिस्टला आवरायला शिकवायचं असतं

आपले विद्यार्थी दोन वर्षं समुपदेशन शिकलेले असतात. समोरचा माणूस दुःख सांगू लागला की त्यांचा हात आपोआप मदतीला जातो: दिलासा, सल्ला, ‘तुम्हाला असं नाही का वाटत की...’ ट्रान्सक्रिप्टमध्ये (मुलाखतीच्या शब्दशः लेखी नोंदीत) मग सहभागीचं बोलणं कमी आणि समुपदेशन जास्त. याचा उलटा प्रकारही घडतो. संशोधन ‘वस्तुनिष्ठ’ हवं म्हणून मुलगी इतकी कोरडी होते की समोरची बाई रडत असताना ती पुढचा प्रश्न वाचते.

यावर बोलून उपयोग नाही, तालीम करावी लागते. मी सहभागीची भूमिका करते, ती मुलाखत घेते, तिसरा विद्यार्थी बघतो. वीस मिनिटांच्या तालमीत एक जागा मी मुद्दाम ठेवते: आवाज दाटतो आणि मी गप्प होते. तिथे तिने काय करावं? मला चालणारं उत्तर असं: थोडं थांबावं, ‘हे बोलणं जड जातंय तुम्हाला’ एवढंच म्हणावं आणि विचारावं, ‘जरा थांबूया, पुढे बोलूया, की इथेच संपवूया?’ यात सहानुभव आहे आणि निवडही सहभागीच्या हातात आहे. दुःखाचं कारण शोधणं, त्यावर उपाय सुचवणं हे दुसऱ्या कुणाचं काम. त्यासाठी संदर्भसेवेचा कागद (मदत कुठे मिळेल त्याचे पत्ते) तिच्या पिशवीत हवा.

तालमीआधी नैतिकतेची कागदपत्रं हातावेगळी करा, कारण मुंबईत त्यांना वेळ लागतो. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातले रुग्ण घ्यायचे तर त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे जावं लागतं, महापालिकेच्या शाळेतली मुलं घ्यायची तर शिक्षण विभागाची परवानगी लागते. गणपतीच्या आत अर्ज गेला नाही तर दिवाळीनंतरचं वेळापत्रक कोसळतं.

सहभागी अठरा वर्षांखालचे असतील तर दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही अनुमती घ्यायची असते: ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. आणि पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संशोधकाला यातून सूट नाही. त्यामुळे ‘तू सांगितलेलं सगळं गुप्त राहील’ हे वाक्य मुलांच्या संमतिपत्रात लिहूच नका. कुठल्या परिस्थितीत मोठ्यांना सांगावं लागेल, हे मुलाला समजेल अशा भाषेत मुलाखतीआधी सांगायचं, आणि तशी वेळ आलीच तर विद्यार्थिनीने प्रथम गाईडला फोन करायचा. तो फोन उचलण्याची जबाबदारी आपली.

जागेचा प्रश्नही हलका नाही. दहा बाय पंधराच्या खोलीत पाच माणसं राहत असताना ऑनलाइन मुलाखत देणारी सून सासूबद्दल काय बोलणार? हेडफोन लावला तरी तिची उत्तरं घर ऐकतंच. विद्यार्थिनीने सुरुवातीला विचारावं, ‘आत्ता तुमच्या आसपास कुणी आहे का?’ उत्तर फक्त हो-नाही असं देता यावं. आणि कुणी अचानक आलं तर विषय बदलण्यासाठी एक शब्द आधीच ठरवावा.

काम अडतं तेव्हा

सबमिशन मार्चच्या अखेरीला असेल तर डिसेंबर-जानेवारीत कुणाचं ना कुणाचं काम थांबतंच. आधी साध्या गोष्टी विचारा. लॅपटॉप आहे का, की भावाबरोबर वाटून घ्यावा लागतो? घरात लग्न आहे? नोकरी लागली? प्रत्येक उशिरामागे मन शोधू नका. अर्ध्या वेळा कारण पैशाचं किंवा जागेचं असतं, आणि त्यावर उपाय म्हणजे मुदत आणि लायब्ररीतली एक खुर्ची.

पण काही वेळा अडण्याला आकार असतो. एका विद्यार्थिनीचा विषय होता, स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची काळजी घेणाऱ्या नोकरदार मुली. सहा मुलाखती झाल्या, पाच टाइप झाल्या, चौथी काही केल्या होईना. ‘या आठवड्यात नक्की, मॅम’ असं दर भेटीत. पुढचं संभाषण मी नंतर लगेच लिहून ठेवलं होतं.

‘पाच झाल्या. चौथीच राहतेय असं दिसतंय.’

‘हो मॅम. ऑडिओ जरा खराब आहे. मागे टीव्ही चालू होता.’

‘ऑडिओ खराब आहे.’

(इथे मी थांबले. पुढचा प्रश्न तोंडावर आला होता, तो विचारला नाही.)

‘आणि ती बाई खूप बोलली. दीड तास. मला मध्ये तोडताच आलं नाही.’

‘दीड तास ऐकत राहिलीस. आता तेच पुन्हा कानाला लावायचंय.’

‘ती म्हणाली, आई गेली तर सुटेन असं वाटतं कधीकधी. मग रडली. मॅम, माझी आजी...’

आणि ती गप्प झाली. फाटा इथे आहे. क्लायंट असती तर मी म्हणाले असते, ‘आजीबद्दल सांग.’ गाईड म्हणून मी म्हणाले, ‘आजीची गोष्ट इथे सांगायलाच हवी असं नाही. सांगितलीस तर ऐकेन. थेरपीत बोलायची असेल तर तीही सोय करू. मला एवढंच विचारायचंय, घरातलं काही या मुलाखतीला चिकटलंय का?’

‘हो.’

‘मग त्या वाक्याला कोड लावताना तुझा हात कुठे वळेल?’

(कोड लावणं म्हणजे मुलाखतीतल्या बोलण्याच्या तुकड्याला त्याच्या आशयाचं छोटं नाव देणं.)

ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, ‘मी तिला चांगली मुलगी दाखवायला बघीन. ते सुटण्याचं वाक्य मी गाळलंच असतं, मॅम.’

हे संशोधनाचं उत्तर आहे. सुटका हवीशी वाटणं आणि त्याची लाज हाच पुढे त्या प्रबंधाचा गाभा झाला. आजीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत असण्याची गरजही नव्हती.

यातली तंत्रं साधी आहेत: तिचेच शब्द परत देणं, शांतता सहन करणं, फाट्यावर तिला निवड देणं आणि मग प्रश्न डेटाकडे वळवणं. त्यानंतर कामाची सोयही लावून द्यावी लागते. आम्ही ठरवलं की ती ही मुलाखत रात्री एकटी ऐकणार नाही. दुपारी लायब्ररीत, हेडफोन लावून, एका वेळी वीस मिनिटं. उठल्यावर दोन ओळी रोजनिशीत. तिची चौथी मुलाखत अशीच पूर्ण झाली.

कारण इतकं स्पष्ट नसतं तेव्हा प्रेरणात्मक मुलाखत पद्धतीतला आकड्यांचा प्रश्न वापरते. ‘हा प्रबंध या वर्षी पूर्ण करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?’ ती पाच म्हणाली तर ‘दहा का नाही?’ विचारू नका. त्यावर सबबींची यादी येते. ‘दोन का नाही?’ असं विचारा. मग ती स्वतःच पूर्ण करण्याची कारणं सांगू लागते आणि आपल्याला उपदेश करावा लागत नाही.

डेटा वाचताना: खोलीत काय घडतंय तेही वाचा

सुपरव्हिजनमध्ये थेरपिस्ट आणि क्लायंटमधलं नातं नकळत पुन्हा वठवलं जातं, हे मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये लिहिलं. पुढे याला समांतर प्रक्रिया म्हटलं गेलं. संशोधनातही हे दिसतं. एकजण रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या मुलाखती घेत होता. त्याच्या भेटीत मी सारखी घड्याळ बघत होते, तोही अर्धी वाक्यं टाकून पुढे जात होता. मी म्हटलं, ‘आज आपण दोघं घाईत आहोत, आणि मला पुढे कुठे जायचं नाहीये. त्या मुलाखतीत असंच होतं का?’ ट्रान्सक्रिप्ट उघडून पाहिलं तर रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्याने पुढचा प्रश्न विचारला होता. संमतिपत्रात पुन्हा संपर्काची परवानगी होती म्हणून तो त्यांच्याकडे परत जाऊ शकला. ही सोय संमतिपत्रात आधीपासून ठेवावी.

अशी निरीक्षणं शक्यता म्हणूनच मांडा. कधीकधी आपण घाईत असतो कारण दुपारचं जेवण झालेलं नसतं.

थीम (अनेक कोड जोडून दिसणारा अर्थाचा धागा) तयार करताना ‘डेटामधून थीम्स उगवल्या’ हे वाक्य मी खोडते. या पद्धतीवर लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ पासून हाच आग्रह धरला आहे की थीम आपोआप वर येत नाही, संशोधक ती घडवतो. म्हणून प्रत्येक थीमपाशी विचारते, ‘तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ही थीम दिसली असती का? आणि तुला कोणती दिसत नसेल?’ मुलाखत मराठीत झाली असेल तर कोडिंगही मराठी ट्रान्सक्रिप्टवरच करायला लावते. भाषांतर फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या उताऱ्यांचं.

ड्राफ्ट परत देताना

ट्रॅक चेंजेसने लाल झालेली फाइल उघडून कित्येकांना पुढचे आठ दिवस काम सुचत नाही. दोष दाखवूच नयेत असं नाही, क्रम बदलावा. आधी प्रकरण मला काय सांगतं ते मी दोन वाक्यांत लिहिते. तिला म्हणायचं होतं ते आणि मला कळलं ते यात फरक असेल तर तो तिथेच दिसतो. मग मोठ्या सूचना, तीनच. स्वल्पविराम आणि संदर्भांची मांडणी शेवटच्या फेरीत.

उचललेला मजकूर सापडला तर तो विषय टाळू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करायची बंदी येते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. हे आकडे तिला सांगा आणि मग विचारा, ‘हा परिच्छेद लिहिताना काय झालं?’ मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बाबतीत मला बहुतेकदा इंग्रजीची भीती सापडते. अशा वेळी मी त्यांना पुस्तक मिटवून तोच मुद्दा मराठीत बोलायला आणि फोनवर रेकॉर्ड करायला सांगते. ते ऐकून इंग्रजीत लिहिलेलं वाक्य ओबडधोबड असतं, पण त्यांचं असतं. भाषा नंतर सुधारता येते.

नात्यात ताण आला तर

ती भेटी रद्द करू लागली, ‘हो मॅम, हो मॅम’ वाढलं, किंवा उत्तरं एका शब्दाची झाली, तर वाट बघू नका. ‘मागच्या भेटीत मी पद्धतीच्या प्रकरणाबद्दल बोलले तेव्हापासून आपल्यात काही बदललंय असं मला वाटतंय. तुला कसं वाटलं ते?’ एवढं पुरतं. तिने तक्रार केली तर समर्थन न करता आधी पूर्ण ऐका. लहान मुद्दा असेल तर दहा मिनिटांत मिटतो, आणि तिला त्यातून पुढे क्लायंटबरोबर उपयोगी पडेल असं काही मिळतं. छळ, भेदभाव, जातीवरून बोलणं असे मुद्दे मात्र कौशल्याने मिटवायचे नसतात. त्यांच्यासाठी कॉलेजात समित्या आहेत आणि तिथे जाण्याचा रस्ता तिला आपणच दाखवायचा, तक्रार आपल्याविरुद्ध असली तरीही.

व्हायवा आणि शेवट

व्हायवाआधी (तोंडी परीक्षेआधी) एक तालीम पुरते. तीत ‘या विषयाशी तुमचं नातं काय?’ हा प्रश्न हमखास ठेवा. स्वतःबद्दल किती सांगायचं ते तिने आधीच, शांतपणे ठरवलेलं असावं. अनोळखी परीक्षकासमोर घाबरून नको तेवढं बोललं जातं.

थेरपीत शेवट आपण आठवडेच्या आठवडे आधीपासून हाताळतो. प्रबंधात तो ऑफिसातल्या शिक्क्याने होतो. म्हणून गुण कळवून झाल्यानंतर अर्ध्या तासाची एक भेट करारातच ठेवा. तिथे सहभागींना कबूल केलेला निष्कर्षांचा मराठी सारांश गेला का ते पाहायचं, आणि रेकॉर्डिंग्ज संमतिपत्रातल्या तारखेला पुसली जाणार आहेत ना, ती कुठल्या कुठल्या फोनवर आणि ड्राइव्हवर आहेत, याची नोंद करायची. मग तिला विचारायचं, ‘माझ्याबरोबरच्या कुठल्या भेटीनंतर तू घरी जाऊन कामाला हात लावला नाहीस? तेव्हा मी काय बोलले होते?’ गुण जाहीर झालेले असल्याने खरं उत्तर मिळण्याची शक्यता याच वेळी सर्वांत जास्त. ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा. जूनमध्ये नवी बॅच येण्याआधी, करारातलं कुठलं कलम बदलायला हवं ते त्या नोंदींवरून ठरवता येतं.